पत्रातील आकडा आणि तारीख

एकाच मसुद्याची हजार पत्रे काढणे ही आज कोणत्याही कार्यालयात अर्ध्या तासाची गोष्ट झाली आहे. पत्राचा मजकूर एकदा लिहायचा, त्यात नाव, पत्ता, रक्कम, तारीख यांसाठी जागा मोकळ्या ठेवायच्या आणि दुसरीकडे याच गोष्टींची एक यादी तयार करायची. संगणक यादीतील एकेक ओळ उचलतो, तिच्यातील तपशील मोकळ्या जागांत भरतो आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र पत्र तयार करतो. या सोयीला मेल मर्ज असे म्हणतात. परीक्षेचे प्रवेशपत्र, बँकेची सूचना, थकबाकी कळवणारे पत्र, सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेचे निमंत्रण अशी जी पत्रे घरी येतात, त्यांतील बरीचशी याच किंवा हिच्यासारख्या एखाद्या पद्धतीने तयार झालेली असतात. हाताने लिहिणाऱ्या कारकुनाला ज्या कामासाठी पंधरवडा लागला असता, ते काम दुपारच्या चहापूर्वी उरकते. या सोयीबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती मोकळ्या जागांत जे भरले जाते त्याबद्दल. नाव बहुधा बरोबर येते, पत्ताही येतो. घोटाळा होतो तो आकड्यात आणि तारखेत.

एकच नमुना आणि प्रत्येक प्रतीवर बदलणारा आकडा, या प्रकारच्या कामाचे देशातील एक मोठे उदाहरण म्हैसूर शहरात पाहायला मिळते. रिझर्व्ह बँकेने १९९५ मध्ये नोटा छापण्यासाठी एक स्वतंत्र कंपनी स्थापन केली. तिच्या दोन छापखान्यांपैकी एक म्हैसूरला आणि दुसरा पश्चिम बंगालमधील सालबोनी येथे आहे. एका किमतीच्या लाखो नोटांचे चित्र एकच असते, क्रमांक मात्र प्रत्येकीचा वेगळा. या क्रमांकाकडे नीट पाहिले तर त्यामागची काळजी ध्यानात येते. सुरुवातीची शून्ये गाळली जात नाहीत. ०००४५२ हा क्रमांक नुसता ४५२ होत नाही. २०१५ पासून क्रमांकातील अंक डावीकडून उजवीकडे आकाराने वाढत जातात. छपाईत सदोष निघालेल्या नोटेच्या जागी दुसरी घालायची झाली, तर तिच्या क्रमांकात तारकेचे चिन्ह छापण्याची पद्धत २००६ मध्ये सुरू झाली. किंमत अंकांत असते तशीच अक्षरांतही असते. नोटेच्या मागील बाजूस ती पंधरा भाषांत लिहिलेली असते आणि त्यांत मराठीतील ‘शंभर रुपये’ही असतात. नक्कल होऊ नये हा यातील काही गोष्टींचा हेतू आहेच. पण अक्षरांत किंमत लिहिण्याचा हेतू निराळा आहे. नोट ज्याच्या हाती पडते त्याला ती छापणाऱ्याकडे जाऊन ‘हा आकडा कसा वाचायचा?’ असे विचारता येत नाही. कार्यालयातून निघालेल्या पत्राचीही स्थिती हीच असते.

त्याच शहरातून निघालेले एक पत्र कल्पून पाहावे. म्हैसूर चंदनासाठी आणि रेशमासाठी जसे प्रसिद्ध आहे, तसे ते उदबत्त्यांसाठीही आहे. समजा, तेथील एका उदबत्तीच्या व्यापाऱ्याने महाराष्ट्रातील आपल्या चारशे विक्रेत्यांना मराठीतून पत्रे पाठवली. त्यांतील एक पत्र कोल्हापूर जिल्ह्यातील एका महिला बचत गटाला मिळाले. गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बाई प्रौढ वर्गात लिहायला-वाचायला शिकलेल्या. पत्रात मजकूर असा होता: आपल्याकडून रु. १२४९९.५५९९९९९९९९९९ येणे आहेत. ही रक्कम ५/७/२०२५ पर्यंत भरल्यास पाच टक्के सूट मिळेल. बाईंनी रक्कम दोनदा वाचली. टिंबानंतरचे अंक कशाचे हे त्यांना उमगले नाही. तारीख मात्र स्पष्ट दिसत होती: पाच जुलै. गटाने जूनमध्ये पैसे जमवले, वेळेच्या आत भरले, आणि सूट मिळाली नाही. व्यापाऱ्याच्या यादीत तारीख होती सात मे. सुमारे सव्वासहाशे रुपये गेले. चारशे उदबत्तीचे पुडे विकल्यावर गटाच्या हाती जेवढे उरत असेल, त्या मानाने ही रक्कम लहान नव्हे.

व्यापारी खोटे बोलला नव्हता. त्याच्या कारकुनाने यादी बरोबर केली होती. संगणकाच्या पडद्यावर तिथे ०७-०५-२०२५ असेच दिसत होते. मग पत्रात ५/७/२०२५ कोठून आले?

याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. भारतात तारीख दिवस, महिना, वर्ष या क्रमाने लिहितात. अमेरिकेत महिना आधी येतो. चीन, जपान या देशांत वर्ष पहिले असते. ही भिन्नता पुस्तकी नाही, वर्तमानपत्रे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या ती परिचयाची आहे. मुंबईवर २००८ मध्ये झालेल्या दहशतवादी हल्ल्याला ‘२६/११’ म्हणतात. तो दिवस होता २६ नोव्हेंबर. न्यूयॉर्कमधील २००१ च्या हल्ल्याला ‘९/११’ म्हणतात. तो दिवस मात्र ११ सप्टेंबर होता, ९ नोव्हेंबर नव्हे. दोन्ही नावे एकाच बातमीत शेजारी-शेजारी छापली जातात आणि त्यांचा क्रम परस्परांच्या उलट आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या दोन घटना सर्वांना ठाऊक आहेत म्हणून गैरसमज होत नाही. बचत गटाच्या पत्रातील तारीख कोणालाच आधीपासून ठाऊक नसते.

यातील धोका नेमका किती, हे मोजता येते. महिन्याच्या तेरा तारखेपासून पुढे गोंधळाला वाव उरत नाही, कारण तेरावा महिनाच नाही. पहिल्या बारा तारखांचे मात्र दोन्ही प्रकारे वाचन होऊ शकते. बारा महिन्यांच्या अशा एकशे चव्वेचाळीस तारखा होतात. त्यांतील १/१, २/२ अशा बारा तारखा दोन्हीकडून सारख्याच वाचल्या जातात. उरतात एकशे बत्तीस. म्हणजे वर्षातील एक तृतीयांशाहून अधिक दिवस असे आहेत की, ते केवळ अंकांत लिहिले तर क्रम माहीत असल्यावाचून त्यांचा अर्थ निश्चित करता येत नाही. चूक रोज झाली असती तर ती केव्हाच पकडली गेली असती. ती तीन दिवसांतून एकदा होते आणि उरलेले दोन दिवस सारे सुरळीत असल्याचा भास होतो, म्हणूनच ती टिकून राहिली आहे.

संगणक तारीख तारीख म्हणून साठवत नाही, हे या घोटाळ्याचे मूळ आहे. एक्सेलसारख्या तक्त्याच्या कार्यक्रमात प्रत्येक तारीख म्हणजे दिवसांची मोजणी असते. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून पुढे दिवस मोजत जायचे. या हिशेबाने १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस १७३९४ ठरतो आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा, १ मे १९६० हा दिवस २२०३७. (या मोजणीत १९०० साली २९ फेब्रुवारी धरलेला आहे. तो दिवस कधी उगवलाच नव्हता, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हते. लोटस १-२-३ या जुन्या कार्यक्रमातील ही चूक, त्याच्याशी मेळ राहावा म्हणून पुढच्यांनी जाणूनबुजून तशीच ठेवली.) पडद्यावर दिसणारे ०७-०५-२०२५ हे त्या मोजणीवर चढवलेले वस्त्र असते. यादीतून पत्रात जाताना संगणक मोजणी नेतो, वस्त्र तिथेच ठेवतो. मायक्रोसॉफ्ट वर्ड या कार्यक्रमाच्या २००२ च्या आवृत्तीपासून यादीशी जोडणी करण्याची जी पद्धत रूढ झाली, तिच्यात असेच घडते. पत्रात पोहोचलेल्या उघड्या तारखेला मग कार्यक्रम स्वतःच्या सवयीचे वस्त्र देतो आणि ती सवय अमेरिकन आहे. कधी कधी तेवढेही होत नाही आणि तारखेच्या जागी नुसता पाच अंकी आकडा छापला जातो. ते एका अर्थी बरे म्हणायचे. निदान काहीतरी बिघडले आहे हे वाचणाऱ्याला कळते.

उपाय कठीण नाही. पत्राच्या मसुद्यात तारखेच्या मोकळ्या जागेवर उजवीकडचे बटण दाबून त्या जागेमागची सूचना उघडता येते. तिच्यात उलटी तिरकी रेघ, ॲट हे चिन्ह आणि अवतरणचिन्हांत तारखेचा हवा तो नमुना लिहिला की, पुढची सर्व पत्रे त्या नमुन्याप्रमाणे निघतात. येथे एक खाचखळगा आहे व त्यात भलेभले पडतात. महिन्यासाठी इंग्रजी मोठा एम लिहावा लागतो. लहान एम लिहिला तर संगणक त्याचा अर्थ मिनिटे असा घेतो आणि यादीत वेळ दिलेली नसल्यामुळे मिनिटांच्या जागी शून्य भरतो. मग पत्रावर १५/००/२०२५ अशी कोणत्याही पंचांगात न सापडणारी तारीख उमटते. दोन मोठे एम दिले तर महिना अंकांत येतो, चार दिले तर त्याचे पूर्ण नाव येते. दोन अक्षरांचे कष्ट अधिक आणि एकशे बत्तीस दिवसांचा प्रश्न निकालात. ‘७ मे २०२५’ असे छापलेले असते, तर त्या बाईंना कोणत्या देशाचा क्रम कोणता हे ठाऊक असण्याची गरजच पडली नसती.

रकमेची गोष्ट थोडी निराळी आहे. यादीत १२,४९९.५६ दिसणारी रक्कम पत्रात शेपूट वाढवून आली याचे कारण संगणकाच्या गणनपद्धतीत आहे. तो शून्य आणि एक या दोनच अंकांत हिशेब ठेवतो. दहा अंकांच्या आपल्या पद्धतीत एक तृतीयांश पूर्णपणे लिहिता येत नाही, ०.३३३३ असे लिहीत राहावे लागते. तसेच छप्पन्न पैसे त्या दोन अंकांच्या पद्धतीत पूर्णपणे लिहिता येत नाहीत. संगणकाजवळ असते ती अगदी जवळची संख्या. तक्ता ती दोन स्थळांपर्यंत दाखवून वेळ मारून नेतो, पत्रात ती उघडी पडते. तारखेसाठी जसे ॲट हे चिन्ह, तसे आकड्यासाठी हॅश हे चिन्ह लिहून दशांश टिंबानंतर दोनच स्थळे दाखवण्याची सूचना देता येते. स्वल्पविरामाचे मात्र एवढ्याने भागत नाही. इंग्रजी पद्धत तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम देते. भारतीय पद्धत हजारानंतर दोन-दोन अंकांवर देते, कारण येथे लाख आणि कोटी मोजले जातात. १५०,००० असे छापलेले पाहून मराठी वाचक क्षणभर थबकतो. १,५०,००० पाहताच त्याच्या तोंडून ‘दीड लाख’ निघते. वर्डमध्ये रक्कम अक्षरांत लिहून देण्याची सोय आहे, पण तिची भाषा इंग्रजी आणि तिचा हिशेबही इंग्रजी. दीड लाखाचे ती ‘एकशे पन्नास हजार’ करते. शिवाय दहा लाखांच्या आतच ती थांबते.

रक्कम अक्षरांत लिहिणे ही काही संगणकाने लावलेली सवय नव्हे. जुन्या हुंड्यांमध्ये रक्कम अंकांत लिहीत, अक्षरांत लिहीत, आणि तेवढ्यावर समाधान न मानता तिची निमे रक्कम सांगून ‘तिची दुप्पट’ असेही लिहीत. हजाराच्या हुंडीत पाचशेची दुप्पट असा उल्लेख असे. एखाद्याने एका शून्याची भर घातली, तरी निमे आकडा त्याची लबाडी उघड करी. ‘अंकी’ आणि ‘अक्षरी’ हे दोन शब्द मराठी पावत्यांवर आजही त्या परंपरेची साक्ष देतात. कायद्यानेही तोच पक्ष घेतला आहे. १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमाचे, म्हणजे धनादेश व हुंडी यांसंबंधीच्या कायद्याचे, अठरावे कलम सांगते की, अंकांतील आणि अक्षरांतील रकमेत फरक असल्यास अक्षरांतील रक्कम खरी धरावी. अंक घाईत घसरतो. अक्षर लिहिताना माणसाला विचार करावा लागतो, असा त्यामागचा अनुभव असावा.

तारखेच्या बाबतीत मराठी दप्तरांचा इतिहास इतका सुखाचा नाही. शिवकाळातील व पेशवाईतील पत्रांत शालिवाहन शक, हिजरी, फसली, सुहूर असे अनेक सन येतात; शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून, राज्याभिषेक शकही सुरू झाला. सुहूर सनाचा आकडा तर अरबी संख्यावाचक शब्दांत लिहीत. ‘इसन्ने सबैन अलफ’ म्हणजे दोन, सत्तर आणि हजार, अर्थात सन १०७२. इसवी सनाच्या हिशेबाने ते १६७१-७२ हे वर्ष येते. त्या काळच्या कारकुनाला आणि त्याच्या वाचकाला हे शब्द पाठ होते, म्हणून त्यांचे अडत नसे. पुढच्या पिढ्यांना ते पाठ राहिले नाहीत आणि इतिहाससंशोधकांना तारखांचा मेळ घालण्यासाठी जंत्र्या तयार कराव्या लागल्या. स्वतंत्र भारतात पंचांगांतील गोंधळ दूर करण्यासाठी शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये समिती नेमण्यात आली आणि २२ मार्च १९५७ या दिवशी, १ चैत्र १८७९ पासून, राष्ट्रीय सौर दिनदर्शिका लागू झाली. ती राजपत्रांवर दिसते, घराघरांत रुजली नाही. तारीख लिहिणाऱ्याला परिचित असणे पुरेसे नसते, ती वाचणाऱ्याला परिचित असावी लागते, हा धडा त्या जंत्र्यांपासून या दिनदर्शिकेपर्यंत सारखाच मिळतो.

मराठीत संख्या अक्षरांत उतरवणे संगणकाला सोपे नाही, हेही मान्य करायला हवे. इंग्रजीत वीसनंतर एक लावले की एकवीस होतात. मराठीत एकोणीसपासून नव्याण्णवपर्यंत बहुतेक प्रत्येक संख्येला घडवलेले वेगळे रूप आहे. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट यांत ‘साठ’ ओळखू येतो; पण एकोणसाठ म्हणजे पन्नास आणि नऊ हे मुलांना वेगळे शिकवावे लागते. बालभारतीने २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ दोन’ असे वाचन सुचवले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला, आणि त्या वादाचे मूळ याच अडचणीत होते. शिवाय बोलताना कोणी ‘एकशे पंचवीस’ म्हणत नाही, सव्वाशे म्हणतो. दोनशे पन्नासला अडीचशे म्हणतो. ज्या म्हैसूरमधून ते काल्पनिक पत्र निघाले, त्याच शहरात १७ जुलै १९६९ रोजी स्थापन झालेली भारतीय भाषा संस्था आहे. तेथे मराठीसह अनेक भारतीय भाषांतील लिखित मजकुराचे आणि बोलण्याचे नमुने संगणकाच्या उपयोगासाठी जमवले जातात. माणसे आकडा कसा उच्चारतात हे यंत्राला शिकवायचे, तर अशाच कामाचा आधार घ्यावा लागेल. तोपर्यंत कार्यालयाने शंभरपर्यंतच्या मराठी संख्यांचा तक्ता एकदा तयार करून यादीशी जोडून ठेवावा. एका दिवसाचे काम आहे आणि ते पुन्हा करावे लागत नाही.

काही आकडे असे असतात की, ते मुळी संख्याच नसतात. दूरध्वनीचा क्रमांक, बँकेतील खात्याचा क्रमांक, नोंदणी क्रमांक यांची कोणी बेरीज करत नाही. संगणकाला हे सांगितले नाही, तर तो त्यांनाही संख्या समजतो. म्हैसूरच्या दूरध्वनीचा ०८२१ हा सांकेतिक क्रमांक मग ८२१ होतो, कारण संख्येच्या आधीच्या शून्याला किंमत नाही. सोळा अंकी खाते क्रमांकाची स्थिती याहून वाईट. एक्सेल पंधराच अंक नेमके ठेवतो आणि सोळाव्याच्या जागी शून्य लिहितो. पत्रावर सोळा अंक दिसतात, मोजले तर सोळाच भरतात, आणि शेवटचा खोटा असतो. असे रकाने मजकूर म्हणून नोंदवावेत, हा यावरचा साधा उपाय आहे, पण तो यादी भरण्याआधीच करावा लागतो. गमावलेला अंक मागाहून परत येत नाही. वर्षाचे दोनच अंक लिहिण्याची सवयही अशीच महागात पडते. बऱ्याच संगणकांवर ०० ते २९ या अंकांचा अर्थ एकविसाव्या शतकातील वर्ष असा घेतला जात आला आहे. १९२८ साली जन्मलेल्या आजोबांचे वर्ष कोणी ‘२८’ असे भरले, तर निवृत्तिवेतनाच्या पत्रावर ते २०२८ मध्ये जन्म घेणार असल्याचे छापले जाऊ शकते. हसू येते खरे, पण वेतन थांबले की ते टिकत नाही.

‘एवढ्या पत्रांत एखादी चूक राहणारच’ असे म्हणणारे पुष्कळ आढळतात. मेल मर्जच्या बाबतीत हे म्हणणे टिकत नाही, कारण येथे एखादी चूक राहत नाही. राहिली तर ती सर्व पत्रांत राहते. हाताने लिहिणारा कारकून चाळिसाव्या पत्रात चुकला, तरी एकेचाळिसाव्यात सावरत असे, आणि रकमेच्या जागी बारा नऊ लिहिण्यापूर्वी त्याचा हात आपोआप थांबे. यंत्राचा हात थांबत नाही. मसुदा एकदा नीट केला, तर हजार पत्रे नीट निघतात ही त्याच वस्तुस्थितीची दुसरी बाजू. १ नोव्हेंबर २०१४ रोजी म्हैसूरचे अधिकृत नाव मैसूरु झाले, तेव्हा ज्या कार्यालयांनी मसुद्यात ते एका जागी बदलले, त्यांची पुढची सारी पत्रे नव्या नावाने निघाली असणार. तारखेच्या नमुन्यासाठीही तेवढेच कष्ट पडतात.

दुसरा आक्षेप वाचणाऱ्याविषयी असतो. शंका आली तर त्याने विचारावे, असे सांगितले जाते. सुशिक्षित माणूस विचारतो. टिंबानंतर बारा अंक पाहून तो संगणकाला हसतो आणि फोन उचलतो. नुकताच वाचायला शिकलेला माणूस तसे करीत नाही. छापलेले ते खरे, असे त्याला वाटत आलेले असते. अर्थ लागला नाही तर दोष पत्राचा असेल ही शंका त्याच्या मनात येत नाही. आपले वाचन कच्चे आहे, असेच तो धरून चालतो. उदबत्तीच्या गटातील बाईंनी त्या बारा अंकांबद्दल कोणाला विचारले नसेल, ते याच संकोचापोटी. मोठ्या वयात, घरचे सारे सांभाळून, रात्रीच्या वर्गात मिळवलेला आत्मविश्वास एका निष्काळजी पत्राने असा खचतो. सव्वासहाशे रुपयांचा हिशेब तरी लागतो. म्हणून आकडा समजून घेण्याची जबाबदारी वाचणाऱ्यावर टाकणे रास्त नाही. एक माणूस मसुदा लिहितो आणि चारशे माणसे तो वाचतात. कष्ट एकाने घ्यावेत की चारशेंनी, याचे उत्तर देण्यासाठी संगणक लागत नाही.

हे काम फार वरच्या अधिकाऱ्याचे नसते. आज मुक्त विद्यालयांतून शिकणाऱ्यांपैकी कितीतरी जण उद्या पतसंस्थेत, शाळेच्या कचेरीत, ग्रामपंचायतीत किंवा दुकानाच्या हिशेबाच्या टेबलावर बसतील आणि अशा याद्या व मसुदे त्यांच्याच हातून तयार होतील. त्यांना सूचनांमधील प्रत्येक चिन्ह पाठ असण्याची आवश्यकता नाही. चिन्हे आठवत नसतील, तर यादीतच एक नवा रकाना करून त्यात ‘७ मे २०२५’ आणि ‘रु. १२,४९९.५६, अक्षरी बारा हजार चारशे नव्याण्णव रुपये छप्पन्न पैसे’ असा तयार मजकूर ठेवावा. पत्रात तोच जातो आणि त्याला कोणी हात लावत नाही. चारशे पत्रे छापण्यापूर्वी तीनच छापावीत: एक यादीतील पहिल्या ओळीचे, एक सर्वांत मोठ्या रकमेचे, आणि एक असे की ज्यातील तारीख बाराच्या आतली आहे. ती तीन पत्रे शेजारच्या टेबलावरील माणसाच्या, शक्यतो संगणकाशी संबंध नसलेल्या माणसाच्या, हाती द्यावीत आणि मोठ्याने वाचायला सांगावीत. तो तारखेपाशी अडखळला किंवा रक्कम वाचता वाचता थांबला, तर मसुदा पुन्हा उघडावा.